उघड्या डोळ्यांना दिलेला शब्द

टोकावड्याच्या नाक्यावर तुमचा फ्लेक्स लागला आहे. एसटीच्या थांब्याच्या अगदी समोर. कालपासून मी पुन्हा मुरबाडला वाचनालयात कामाला जायला लागले, त्यामुळे गाडी येईपर्यंत तो वाचत उभं राहावं लागतं. वर तुमचा आधारकार्डावरचा फोटो ताणून मोठा केलेला. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो. पांढरे शर्ट, काळे चष्मे, एकाच्या कानाला मोबाईल. आणि मध्ये लाल अक्षरांत: 'सदैव हसतमुख व मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपले.'

सदैव हसतमुख. जन्मापासून ज्याच्या चेहऱ्याचा एक स्नायू हलला नाही, त्या माणसाबद्दल. फ्लेक्सवाल्याकडे मजकूर तयारच असतो, तो फक्त नाव आणि फोटो बदलतो, हे मला कळतं. पण खाली ज्यांचे फोटो आहेत ते सगळे तुमच्या गिरणीत वर्षानुवर्षं भात भरडायला येत होते. त्यांच्यातल्या एकालाही हे वाचून काही खटकलं नाही. काल सुताराचा नंदू, तोच तो कानाला मोबाईल लावलेला, माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"काकी, फोटो भारी आलाय ना काकांचा?"

"हो. शब्द पण."

"शब्द तर एकदम फिट," तो म्हणाला. मी गाडीत चढले.

तुम्ही असता तर गाडी सोडली असती. नंदूला बाजूला घेऊन मेंदूतल्या नसांपासून सुरुवात केली असती. त्यानं मान डोलावली असती, आणि पुढच्या फ्लेक्सवर पुन्हा हेच छापून आणलं असतं. आपलं शेवटचं भांडण यावरच झालं होतं. ते अर्धं राहिलंय. मला तोंडातोंडी भांडता येत नाही हे तुम्हाला माहीत होतं. मी नेहमी दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायची. या वेळी थोडा जास्त वेळ लागला.

पण तुमचा पहिला प्रश्न गिरणीचा असणार. गिरणी माळशेजच्या रस्त्याला लागून, यंत्रं तुमची, पण जमीन तुम्हा दोघा भावांच्या नावावर. कल्याणचा एक माणूस तिथे ढाबा काढायला बघत होता, पावसाळ्यात धबधब्यांवर येणाऱ्यांसाठी, फॅमिली रूमसकट. तुमचा धाकटा भाऊ, आमचे सुरेशभावजी, दिवाळीपासून मागे लागले होते. "दादा, गिरनीत आता येतं कोन? लोकं पिशवीतला तांदूळ खातात." तुम्ही नाही म्हणत होता. तुम्ही नसलात की नाही म्हणायला कोणी उरणार नव्हतं. भावजी माझ्या म्हणण्याला किती किंमत देतात हे मी जाणून आहे. तुम्ही गेलात त्या सकाळी माझ्या मनात आलेला दुसरा विचार हाच होता. पहिला लिहीत नाही.

शहापूरला आमच्या घरी तुम्ही मला बघायला आलात तो दिवस हल्ली सारखा डोळ्यांसमोर येतो. मुलं अशा वेळी चोरून बघतात. पोह्यांची बशी घेताना, होणाऱ्या सासऱ्याशी बोलताना, डोळ्याच्या कोपऱ्यातून. तुमचे डोळे बाजूला वळतच नव्हते. मला बघायचं तर अख्खी मान वळवावी लागणार होती. ती तुम्ही वळवलीत आणि बघत राहिलात. तुमच्या आत्याबाई खोकल्या. माझ्या काकांनी उगाचच पंख्याची गती वाढवली. मावशी आत येऊन मला म्हणाली, "पोरगा शिष्ट दिसतो गो. तोंडावरची माशी हलत नाय."

मग तुम्ही सगळ्यांसमोर ते वाक्य म्हणालात, जे पुढे मी आयुष्यभर ऐकत आले. ओठ एकमेकांना टेकत नसल्यामुळे तुमचं बोलणं जरा सैल यायचं, म्हणून तुम्ही ते सावकाश म्हणालात. "मला हसता येत नाय. राग नाय माजा." काकांनी विचारलं, "लकवा आहे का?" तुम्ही म्हणालात, "नाय, जल्मापासून हाय." काकांनी चहा घ्या म्हटलं. मी आतल्या दारात उभी होते. मला वाटलं, या खोलीत सरळ बघणारा हा एकटाच माणूस आहे. मी पुस्तकं वाचणारी मुलगी होते. असलं काही वाटणं मला परवडत होतं.

ते वाटणं खरं निघालं, एवढं कबूल करते. तुम्ही माझ्याकडे बघायचात तेव्हा पूर्ण बघायचात. अर्धी नजर तुमच्याकडे नव्हतीच. आणि तुम्हाला हसू आलं की गळ्यातून बारीक आवाज यायचा, खांदे हलायचे, आणि तेवढ्यानं समोरच्याला कळलं नसेल म्हणून तुम्ही वर सांगायचात, "हसलो हां." मोबाईल आला तेव्हा तुमच्याइतका आनंद गावात कोणाला झाला नसेल. वाण्याला सामानाची यादी पाठवतानाही तुम्ही खाली ती पिवळी हसरी तोंडं ओळीनं लावायचात. वाणी मला विचारायचा, "जनाभाऊ कशाला हसतायत? तेल महाग झालंय म्हून?"

लग्नानंतरच्या पहिल्याच दुपारी तुम्ही जेवून ओटीवर आडवे झालात. मी पाण्याची कळशी घेऊन आले तर तुमच्या पापण्या अर्ध्यावर थांबलेल्या, आणि खाली नुसतं पांढरं. कळशी कशी खाली ठेवली मला आठवत नाही. मी आत जाऊन तुमच्या आईंचा हात धरला, ओटीकडे बोट दाखवलं. आई चुलीपासून उठल्यासुद्धा नाहीत.

"झोपलाय तो," त्या म्हणाल्या. "त्याचं डोळं मिटत नायत. कदीच नाय मिटलं. फडका वला करून टाक वरनं, नायतर सुकतात."

तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. पुढे कल्याणच्या डॉक्टरांनी मलम दिलं, थेंब दिले, गिरणीत उडणाऱ्या कोंड्यासाठी चष्मा दिला. तो घातल्यावर गावानं तुमचं नाव हिरो ठेवलं. पण मलम घातल्यावरही वरून ओला फडका लागायचाच.

रोगाला नाव मिळालं ते फार उशिरा. त्याच डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं आणि तिथल्या डॉक्टरबाईंनी तुमच्याकडे बघून, बोट इकडे-तिकडे फिरवून लगेच सांगितलं, मोबियस सिंड्रोम. काही नसा जन्मतःच नीट घडलेल्या नसतात. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी एक, चेहरा हलवणारी एक. फार थोड्या मुलांना होतो. त्यात कोणाची चूक नसते.

हे शेवटचं वाक्य तुम्ही मुंबईहून घरापर्यंत जपून आणलंत. कारण आपल्या घरात त्याचं कारण आधीच सापडलेलं होतं. आई गरोदर असताना ग्रहणात त्यांनी काकडी चिरली, असं आत्याबाईंनी ठरवून टाकलं होतं. आईंना अशी काकडी आठवत नव्हती. पण इतकी वर्षं ऐकून ऐकून ती त्यांना आठवायला लागली होती. कोवळी होती म्हणायच्या. तान्हेपणी तुम्हाला अंगावरचं दूध ओढता येत नव्हतं. आईंनी थेंब थेंब करून बोंडल्यानं दूध पाजून तुम्हाला जगवलं, आणि त्याच हातांनी काकडी चिरली म्हणून जन्मभर बोलणी खाल्ली.

तुम्ही ओटीवर बसून सगळं सांगितलंत.

"मंग गिऱ्हान नाय?" आईंनी विचारलं.

"नाय."

"काकडी नाय?"

"आये, काकडीचा काय संबंद नाय."

आईंनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आत्याला सांग."

तुम्ही आत्याबाईंकडे गेलात. सगळं पुन्हा सांगितलंत, चित्र काढून सांगितलंत. आत्याबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डॉक्टरला काय म्हाईत गिऱ्हान कदी व्हतं ते."

तरी तुम्ही थकला नाहीत. नवीन गिऱ्हाईक आलं की ते वाक्य. एसटीत शेजारी कोणी बसलं की ते वाक्य. तुमच्या वडिलांच्या वेळी तुम्ही रडत नाही म्हणून बायका कुजबुजल्या, तर तिथेही तुम्ही पिंडाच्या पाटावरून उठून त्यांना समजावायला गेलात. मला ते बघवायचं नाही. आपण निर्दोष आहोत हे माणसानं किती जणांना आणि किती वेळा सांगायचं? आणि कोणाला? ज्यांना त्यांच्या म्हशीचा आजार समजून घ्यायला दम निघतो, पण माणसाचा नाही, त्यांना?

शेवटच्या संध्याकाळी मुंबईची चार मुलं गाडी थांबवून गिरणीत आली. जुनी गिरणी म्हणून फोटो काढत होती. एकानं तुमच्यावर मोबाईल धरला. "अंकल, थोडा स्माइल करो ना." तुम्ही मशीन बंद केलंत. भात अर्धं भरडलेलं, लोक खोळंबलेले, आणि तुम्ही तुमच्या त्या हिंदीत त्या मुलाला मेंदूपासून सांगायला घेतलंत. तो "ओह" म्हणाला. मग त्यानं फोटो काढला. मी तुमच्यासाठी चहा घेऊन दारात उभी होते. चहाचं काय झालं असेल ते सांगायला नको.

घरी आल्यावर मी म्हटलं, "मशीन बंद करून सांगायची काय गरज होती?"

"मशीन चालू असलं की ऐकू जात नाय."

"त्यांना ऐकायचंच नव्हतं."

"नाय सांगितलं तर कळंल कसं?"

"कळून काय करणार आहेत ते?"

"काय नाय करनार. पन कळंल तरी."

"इतकी वर्षं सांगताय. सांगितल्यानं एक तरी माणूस शहाणा झाला का? एक नाव सांगा मला."

तुम्ही मान माझ्याकडे वळवलीत. नेहमीसारखं पूर्ण बघितलंत. "इचार करतो," म्हणालात. सकाळी तुम्ही गिरणी उघडायला गेलात आणि नाव सांगायचं राहिलं.

आता त्या दिवसाचं. तुम्ही मध्यभागी होता, पण तुम्हाला कोणी काही सांगितलं नसेल.

मुरबाडच्या दवाखान्यातून तुम्हाला परत आणलं तेव्हा दुपार झाली होती. ओटीवर ठेवलं. आत्याबाई उशाशी बसल्या, कारण अशा वेळी उशाशी कोण बसणार हे विचारायची पद्धत नाही. त्यांनी तुमच्या पापण्या बोटांनी खाली ओढल्या, धरून ठेवल्या, सोडल्या. पापण्या हळूहळू आपल्या जागेवर परत आल्या. त्यांनी पुन्हा ओढल्या. मग हात मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "जीव अडकलाय कशात तरी."

एरवी ग्रामपंचायतीची नोटीस या टोकाकडून त्या टोकाला जायला आठवडा लागतो. हे वाक्य ओटीवरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर कधी गेलं कळलं नाही. आणि मग लोक रांगेनं यायला लागले. गेलेल्याचे डोळे उघडे राहिले म्हणजे त्याचं काही बाकी आहे, ते त्याच्या कानात कबूल करायचं, शब्द द्यायचा, आणि तो शब्द मोडायचा नाही. आपल्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही.

पहिल्या आत्याबाईच. "जना, लग्नात तुज्या बायकोला काळी म्हंटली व्हती मी. आता नाय म्हननार." मला ही बातमी तेव्हाच कळली. तुमचे डोळे मिटले नाहीत. मग शेजारचे बाळूकाका. "बांध जरा सरकवला व्हता, जना. परत मागं घेतो." डोळे तसेच. मागून कोणी म्हणालं, "जरा म्हनजे किती ते पन सांगा." बाळूकाकांनी हातानं दाखवलं.

मग तुमच्या शाळेतला दत्तू आला. तो दारू सोडतो वगैरे म्हणेल असं मला वाटलं. तो तुमच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "तुला हसवायला आमी चौघं धरून गुदगुल्या करायचो, पार तू मुतायचास तोवर. मी तुजे पाय धरायचो. माफ कर." आणि तिथेच बसला.

हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. साऱ्या जगाला नसा समजावून सांगणारा माणूस हे बायकोला सांगत नाही. मी तुमच्या पायाशी बसले होते. माझा हात तुमच्या घोट्यावर होता. दत्तूनं काय धरलं होतं ते कळल्यावर मला तो काढून घ्यावासा वाटला, आणि काढवेना. तोवर मला रडू आलं नव्हतं. तेव्हाही आलं नाही. बायकांनी त्याचीही नोंद घेतली, मला दिसत होतं. दगडाला दगड भेटला, असं कोणीतरी पाठीमागे म्हणालं.

शेवटी आत्याबाईंनी भावजींकडे बघितलं. त्यांच्याबरोबर सगळ्यांनी बघितलं. गिरणीचं भांडण गावात कोणाला माहीत नव्हतं? भावजी खांबाला टेकून रडत होते. खरंच रडत होते, तेवढं मी मान्य करते.

"सुरेश, तू बोल."

"मी काय बोलू, आत्या?"

"तुला म्हाईत हाय काय ते."

भावजी गुडघ्यावर बसले. "दादा, गिरनी नाय मोडत." त्यांनी वर बघितलं. डोळे तसेच. "जागा नाय देत ढाब्याला. कोनालाच नाय देत." डोळे तसेच.

"मोट्यानं बोल रे," बाळूकाका म्हणाले. त्यांचं झालं होतं, ते आता मोकळे होते. "गिरनीत राहून कमी ऐकायचा तो."

भावजी ओरडूनच बोलले. "वैनी चालवतील गिरनी. त्या हायेत तवर मी जागेचं नाव काडनार नाय. तुजी शपत."

आणि तुम्ही रोज दुपारी झोपायचात तसे झोपला होता.

एक वाक्य पुरलं असतं. 'त्यांचे डोळे कधीच मिटत नव्हते.' तुम्ही असता तर त्या अंगणातल्या प्रत्येकाला ते सांगितलं असतं, बाळूकाकांचा बांधही सोडून दिला असता. जबाबदारी आता माझ्यावर होती. मी आईंकडे बघितलं. त्या तुमच्या पलीकडच्या बाजूला बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पदर सारखा केला आणि नजर खाली घातली. मी गप्प बसले.

याचा तुम्हाला राग येईल. येऊ दे. पण एक लक्षात घ्या. भावजी तुमच्याच खोलीत, तुमच्याच गोधडीत लहानाचे मोठे झाले. भावाचे डोळे झोपेत कसे दिसतात हे त्यांना माहीत नव्हतं. दत्तूला नव्हतं, आत्याबाईंना नव्हतं. हे गाव आयुष्यभर तुमच्याकडे टक लावून बघत आलं. पोरं झाडामागून बघायची, मोठी माणसं समोरून. आणि त्यातल्या एकानंही तुम्हाला बघितलेलं नव्हतं. बघितलेल्या माणसाला मी सांगितलं असतं.

ऊन उतरायला लागलं. उचलायची घाई सुरू झाली आणि डोळे उघडे असताना उचलायचं कसं यावर पुरुषांची चर्चा. तेव्हा आई उठल्या. मोरीतून फडका ओला करून आणला, पिळला, आणि तुमच्या डोळ्यांवर टाकला. कडा बोटांनी सारख्या केल्या, मी घरात येण्याआधी रोज करायच्या तशा. आत्याबाई वाकल्या, फडक्याकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मिटलं. सुरेश बोल्ला आनि मिटलं बगा."

अंगणातल्या लोकांनी हात जोडले.

मधल्या दिवसांत मी एकदा आईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "आई, आपण बोलायला हवं होतं का?"

"काय बोलायचं व्हतं?"

"डोळ्यांचं."

त्यांनी एक खडा काढून उंबऱ्याबाहेर टाकला. "माजी काकडी जल्मभर खरी मानली ना त्यांनी? मंग ह्ये पन मानू दे." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. तुमची आई फार हुशार बाई आहे. हे तुम्हाला माहीत होतं की मला आत्ता कळलं, ते माहीत नाही.

प्रकरण इथे संपलं असतं. पण परवा रविवारी मी गिरणीत होते, आणि भावजी आले. तेराव्यानंतर पहिल्यांदाच. मशीन चालू होतं. ते दाराशी उभे राहिले, पोत्यावरचा कोंडा झटकला, पुन्हा उभे राहिले. मग खिशातून मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. कुठल्याशा हळदीहून परत येताना टेम्पोत काढलेला फोटो. सगळे दात काढून हसताहेत, आणि मध्ये तुम्ही भावजींच्या खांद्यावर मान टाकून झोपलेले. पापण्या अर्ध्यावर, खाली पांढरं.

भावजी काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. मी मशीन बंद केलं.

"दादाचे डोळे झोपेत पन असेच असायचे का?"

"हो."

"पयल्यापासून?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्यांनी सरळ विचारलं होतं, आणि इतक्या वर्षांत तुमच्याबद्दल या घरातल्या कोणी काही सरळ विचारल्याचं मला आठवत नाही. मी सांगितलं. कोणती नस काय करते, पापणी पूर्ण का उतरत नाही, फडका कशासाठी, मलम कशासाठी, सगळं. तुम्ही सांगायचात त्याच क्रमानं. दोन बायका भात घेऊन येऊन बसल्या होत्या, त्याही ऐकत होत्या.

"म्हंजे ते मिटनारच नव्हते," भावजी म्हणाले.

"नाही."

"मी बोल्लो नसतो तरी."

"तरी."

"आनि बोल्लो तरी."

"तरी."

ते खाली बघत राहिले. मी मनातल्या मनात गिरणी सोडून दिली. यंत्रं कोणाला द्यायची, आईंना कसं सांगायचं, इथवर पोचले. सांगून काय मिळतं ते तुम्हाला दाखवायला मी उत्तरही तयार केलं होतं; चांगलं कडू उत्तर होतं.

"म्हंजे दादा झोपला तरी डोळे उगडे, जागा असला तरी उगडे," भावजी सावकाश म्हणाले. "बगनाऱ्याला कळायचं नाय."

"नाही कळायचं."

"मंग त्या दिवशी तो ऐकत असंल तर?"

इतकं सांगितल्यावर या माणसाच्या हाती हे लागलं होतं. "भावजी," मी म्हटलं, "ते गेले होते."

"ते म्हाईत हाय वो मला. पन ऐकलं असंल तर?"

त्यांनी तिथेच फोन लावला. "हां शेठ, सुरेश बोलतोय. जागेचं नाय जमनार. नाय, भाव नाय, भाव बरोबर हाय." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. भावजी मान हलवत होते, जणू फोनमधून ते दिसणार होतं. शेवटी ते म्हणाले, "नाय वो शेठ, मी तयार हाय. पन आमचा दादा नाय म्हनतो."

तर गिरणी आहे. मी समजावून सांगितलं, त्यांना समजलं नाही, आणि म्हणून ती वाचली. आपल्या भांडणात याची बाजू कोणाची धरायची, मला कळत नाही. तुमची म्हणावी तर शहाणा कोणीच झाला नाही. माझी म्हणावी तर शेवटी मीच सांगत बसले, आणि सांगताना, खरं सांगते, मला बरं वाटत होतं. बाळूकाकांनी बांध मागे घेतलाय. हातानं दाखवला होता त्यापेक्षा कमी.

भावजींनी फोन खिशात टाकला. माझ्याकडे बघणं टाळून त्या दोन बायकांकडे हात केला.

"मशीन चालू करा, वैनी. खोळंबल्यात त्या."

मी मशीन चालू केलं. त्या आवाजात शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही कोणाचं रडणं ऐकू येत नाही. मला तेवढंच हवं होतं.